चाक चढण्याआधी

गणपतीला चार दिवस उरलेत आणि उद्यमनगरातल्या या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. कोल्हापुरातून कोकणात उतरणाऱ्या सगळ्यांना आजच गाडीची आठवण झाली आहे. कुणाला गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचाय, कुणाला फोंडाघाट, कुणाला आंबोली. वर पाऊस, धुकं, वळणावर समोरून येणारी एसटी. ब्रेक जरा खाली जातोय हे दोन-दोन महिने माहीत असलेली माणसंसुद्धा आज किल्ली हातात धरून उभी आहेत. सहा गाड्या मावतील अशा शेडमध्ये अकरा गाड्या शिरल्यात, बाकीच्या नाल्याच्या कडेला.

गॅरेजचं नाव सांगत नाही. सांगण्यात अर्थही नाही. इथं आज जे दिसतंय ते सणाच्या तोंडावर कुठल्याही गॅरेजात दिसेल. मिस्त्री जुने, हाताला गुण असलेले. हाताखाली दोन फिटर आणि दहावीनंतर कामाला लागलेलं एक पोरगं. त्याला सगळे बारक्या म्हणतात.

गिऱ्हाइकांसाठी पंख्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्यात. तोंड रस्त्याकडं, पाठ गाड्यांकडं. बसलेले लोक मोबाइलात. मी खुर्ची उचलतो आणि उलटी फिरवून बसतो. फिटर माझ्याकडं एकदा बघतो. त्याला ते आवडलेलं नाही. बोलत मात्र काही नाही.

माझ्या हॅचबॅकचं काम साधंच. पुढचे ब्रेक पॅड, इंजिन ऑइल, फिल्टर, आणि पुढची चाकं मागं, मागची पुढं. लिफ्टवर दुसऱ्याची गाडी चढलेली आहे, म्हणून माझी जॅकवर. बारक्या ट्रॉली जॅक सरकवतो तो थेट खालच्या सपाट पत्र्याखाली.

"खाच बघ की रं!" मिस्त्री लांबूनच ओरडतात.

दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचा असतात, जॅक त्यांच्या मधे लावायचा. तिथं पत्रा दुहेरी असतो. बाकी कुठंही लावला की पत्रा आत दबतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंजायला लागतो. बारक्या जॅक काढून नीट लावतो, गाडी उचलतो आणि लगेच खाली सरपटायला निघतो. उचललेल्या गाडीला खालून टेकू द्यायची लोखंडी घोडी कोपऱ्यात तशीच पडलेली. मी बोटानं ती दाखवतो. "पाच मिंटाचं काम हाय साहेब," म्हणत तो ती आणून लावतो. जॅकचं सील दगा देतं ते एका क्षणात. पाच मिनिटांचं काम आहे की पन्नास, हे त्याला कळत नाही.

आता ऑइल. चेंबरचा बोल्ट सुटतो, काळं ऑइल परातीत उतरतं. फिटर फिल्टर फिरवून काढतो आणि न बघताच बादलीत टाकतो. मी उठून बादलीत डोकावतो. फिल्टरच्या तोंडाला काळी रबरी रिंग असते, सुतळीएवढी जाड. या फिल्टरच्या तोंडाशी नुसती गोल खाच आहे. रिंग नाही.

"भाऊ, रिंग कुठाय?"

तो नवा फिल्टर हातात घेऊन थांबलेला. वाकून इंजिनाच्या बाजूला, जिथं फिल्टर बसतो तिथं, बोट फिरवतो. मग नख लावून काहीतरी खरवडतो. जुनी रिंग उष्णतेनं तिथंच चिकटून राहिलीय. निघते ती चपटी, कडक झालेली, दोन ठिकाणी तडकलेली. तो ती माझ्यासमोर धरतो आणि पहिल्यांदाच हसतो. "चिकटतीया कवाकवा."

ही कवाकवा चिकटणारी रिंग किती महाग पडते ते सांगायला हवं. ती राहिली असती तर नव्या फिल्टरची रिंग तिच्यावर बसली असती. गाडी चालू केल्यावर गॅरेजात कदाचित एक थेंबही गळला नसता. मग रस्त्यावर इंजिनाचे फेरे वाढले, ऑइलचा दाब वाढला, की एका रबरावर बसलेलं दुसरं रबर सटकतं आणि चेंबरमधलं तीनेक लिटर ऑइल बघता बघता रस्त्यावर सांडतं. समोर लाल दिवा लागतो. पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणून माणूस तशीच गाडी रेटतो आणि तिथं पोचेपर्यंत इंजिन जाम झालेलं असतं. ऑइल बदलायला आलेल्या गाडीचं इंजिनच उतरवावं लागतं, आणि तोवर गॅरेजवाला विचारतो, "आमच्याकडनं गेली तवा गळत होती का?" गळत नव्हतीच.

नव्या रिंगेला तो बोटानं ऑइल लावतो. हे मात्र न सांगता. फिल्टर हातानं टेकेपर्यंत आणि मग वर पाऊण फेरा. बहुतेक फिल्टरांच्या डब्यावर हे चित्र काढून छापलेलं असतं. चेंबरच्या बोल्टला नवं वायसर घालायला मात्र सांगावं लागतं. जुनं चेपलेलं वायसर पुन्हा बसवलं की बोल्ट पाझरतो. पाझरतो म्हणून जास्त आवळतात. जास्त आवळला की आटे जातात. पंधरा-वीस रुपयांच्या चकतीपायी अख्खं चेंबर बदलायची पाळी.

कोणतं ऑइल यावर आमची थोडी हुज्जत होते. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलेलं आहे. फिटरचा भर २०डब्ल्यू-४० वर. "जाड असतंय, इंजिनला बरं." जुन्या डिझेल गाड्यांवर हात बसलेल्या माणसाचं हे मत समजण्यासारखं आहे. पण आताच्या इंजिनांतल्या फटी बारीक. सकाळी थंड इंजिन सुरू करताना जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि झीज होते ती त्याच वेळात. शेवटी सीलबंद कॅन माझ्यासमोर फुटतो. नरसाळं कशानं पुसलंय तेही मी बघून घेतो.

पलीकडं एक शिक्षिका उभ्या आहेत. त्यांच्या गाडीच्या एसीचं काम झालंय, डॅशबोर्ड उघडून परत बसवलाय. दुसरा फिटर किल्ली देतोय आणि बाईंची नजर सीटवरच्या झाकणात पडलेल्या तीन स्क्रूंवर गेलीय.

"दादा, हे कुठले?"

"जादाचे हायत मॅडम. कंपनी जादाच देती."

"कंपनी मला गाडीत एक सुटा रुमाल देत नाही, स्क्रू जादा देईल?" बाई पर्स खांद्याला अडकवतात आणि खुर्चीत बसतात. "बसवा. मला घाई नाही."

शेडमधली सगळी माणसं हसतात, तो फिटरसुद्धा. मग तो निमूट पुन्हा डॅशबोर्डात हात घालतो. तीन स्क्रू नसल्यानं त्यांची गाडी काही दरीत कोसळणार नव्हती. महिनाभरानं डॅशबोर्ड खडखडायला लागला असता, इतकंच. पण जिथं तीन स्क्रू उरतात तिथं एखादा वायरचा सॉकेटही अर्धाच बसलेला असू शकतो. उरलेला स्क्रू ही एकच गोष्ट अशी की जी गाडीतलं काही न कळणाऱ्या माणसालाही दिसते. बाईंनी ती बरोबर हेरली.

आता माझ्या गाडीचं डावं चाक निघालंय. कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडून फिटर कॅलिपर वर उचलतो, जुने पॅड बाहेर काढतो. एका पॅडवर मसाला जेमतेम दोन मिलिमीटर. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन मागं ढकलावा लागतो. ढकलला की वर डबीतलं ब्रेक ऑइल चढतं. त्याआधीच तो सिरिंजनं थोडं काढून घेतो, कारण हे ऑइल रंगावर सांडलं की रंग खातं. पिना पुसतो, त्यांना ग्रीस लावतो, आणि ग्रीसचा हात डिस्कला लागू देत नाही. मघाशी रिंग विसरलेला माणूस तो हाच. खरं सांगायचं तर बघत राहावं असं काम चाललंय.

नवे पॅड बसतात. कॅलिपर खाली येतो. बोल्ट तो चिमटीनं फिरवतो, तीन-चार आटे धरेपर्यंत. पाना घ्यायला हात पुढं जातो, आणि तेवढ्यात,

"आरं त्या टुरिस्टवाल्याचं बग आदी! डोस्कं खाल्लंय त्यानं!"

टुरिस्ट गाडीचा ड्रायव्हर मघापासून मिस्त्रींच्या मागं मागं फिरतोय. त्याला रात्री मुंबईची माणसं घेऊन मालवणला जायचंय. फिटर उठतो. पाना माझ्या बंपरवर ठेवतो. त्याच वेळी चहावाला किटली घेऊन आत येतो, कुणाचा तरी फोन वाजतो, लिफ्टवरची गाडी खाली उतरायला लागते. चहा घेऊन बारक्या येतो. मिस्त्रींनी त्याला सांगितलंय, "चाकं चढीव." त्याला काय दिसतं? नवे पॅड बसलेले. कॅलिपर जागेवर. बोल्ट जागेवर. तो चहाचा कप जमिनीवर ठेवतो आणि चाक उचलतो.

"थांब."

तो थांबतो. चाक गुडघ्यावर टेकवलेलं.

"खालचा बोल्ट आवळलाय का?"

"आवळलाय की."

"कुणी?"

याचं उत्तर त्याच्याजवळ नाही. तो मिस्त्रींकडं बघतो. मिस्त्री येतात, चहाचा घोट घेत घेत. खाली बसतात, बंपरवरचा पाना घेऊन बोल्टला लावतात. पाना काही जोर न लावता फिरतो. एक फेरा. दुसरा. मग कुठं बोल्ट धरतो आणि हाताची शीर उठते.

क्षणभर शेडमध्ये शिव्यांचा पाऊस पडतो. तो इथं लिहिण्याजोगा नाही. फिटर टुरिस्ट गाडीच्या बॉनेटखालून डोकं वर काढतो, "येणारच होतो की!" म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. तो येणारच होता. पण तोवर चाक चढलं असतं, आणि एकदा चाक चढलं की कॅलिपर दिसत नाही. त्यानं येऊन चार नट आवळलेले बघितले असते आणि बारक्यानंच सगळं केलं असेल असं धरून पुढच्या गाडीकडं गेला असता. बारक्यानं धरलं होतं की फिटरनं केलंय. दोघांच्या मधे तो बोल्ट तीन-चार आट्यांवर राहिला असता. हादऱ्यानं सुटत सुटत कुठंतरी करूळच्या उतारावर तो पडला असता, कॅलिपर वरच्या पिनेवर फिरून चाकाच्या आतल्या बाजूला आदळला असता. मग एक तर चाक जाम, नाहीतर ब्रेकच नाही.

लोक गॅरेजात येतात ते फसवणुकीच्या धास्तीनं. पार्ट खरा का खोटा, मजुरी जास्त लावली का, बदललं म्हणतात ते खरंच बदललं का. ही धास्ती खोटी नाही. जुने पॅड मी पिशवीत मागून घेतो ते त्यासाठीच. पण फसवणारा माणूस बोल्ट आवळतो. त्याला तुम्ही पुन्हा यायला हवे असता. जीव घेतं ते मधेच सुटलेलं काम, आणि त्यामागं बहुतेक वेळा कुणाचीच लबाडी नसते. हाक असते, फोन असतो, चहा असतो, आणि "अर्ध्या तासात पाहिजे" म्हणून उरावर बसलेलं आपल्यासारखंच एक गिऱ्हाईक असतं. म्हणून गॅरेजात बसायचंच असेल तर भाव लिहिताना नाही, चहा येतो तेव्हा डोळे उघडे ठेवून बसावं. कंपनीच्या वर्कशॉपात तर आपल्याला काचेपलीकडं सोफ्यावर बसवतात. कॉफी चांगली असते. गाडीबरोबर जो तपासणीचा कागद मिळतो त्यावरच्या सगळ्या बरोबरच्या खुणा एकाच पेनानं, एकाच झटक्यात, वरून खाली ओढलेल्या. त्या खुणा ओढणाऱ्यानं गाडीखाली वाकून बघितलंय का, हे त्या कागदावरून कळायचं कसं?

मिस्त्री खिशातून पिवळ्या रंगाचा मार्कर काढतात. आवळलेल्या बोल्टच्या माथ्यावरून बाजूच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओढतात. बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसेल. कारखान्यांत हे रोजचं आहे आणि या गावात कारखान्यांना तोटा नाही. जुन्या काळचे यंत्र-कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव अजून आदरानं घेणारं गाव हे. पण हा मार्कर मिस्त्रींच्या खिशात होता, फिटरच्या नाही.

"मार्क न्हाई तवर चाक न्हाई," ते बारक्याला सांगतात. "मी सांगितलं तरी न्हाई."

चाकं चढतात. बारक्या हवेची गन उचलतो. शेडभर टर्रर्र आवाज घुमतो आणि एकेक नट दोन सेकंदांत बसतो. गनला थांबायचं कधी ते कळत नाही. छोट्या गाड्यांच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर जोर पुरतो. गन त्याहून कितीतरी जास्त देते. मग स्टड ताणले जातात, आटे मरतात, आणि रात्री रस्त्यात पंक्चर झालं की डिकीतल्या आखूड पान्यावर उभं राहून उड्या मारल्या तरी नट हलत नाही.

"टॉर्क पाना आहे ना?" मी विचारतो.

आहे. ऑफिसात, देवाच्या फोटोखाली, लाल पेटीत. पेटी उघडली तर पान्याच्या दांड्यावर हळदीकुंकवाचे जुने डाग. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांबरोबर त्याचीही पूजा होते आणि नंतर तो देवापाशीच राहतो. महागाचा आहे, हरवू नये म्हणून. बारक्या तो दोन्ही हातांनी आणतो. मिस्त्री मूठ फिरवून आकडा लावून देतात. गननं आवळलेले नट आधी ढिले करायचे, मग समोरासमोरचे, कडेनं ओळीनं नाही. प्रत्येक नटाला 'कट्' असा आवाज येतो आणि बारक्याचा चेहरा उजळतो. शेवटच्या चाकाला तर तो मला बाजूला व्हायला सांगतो. त्याला नीट बघायचं असतं.

गाडी जॅकवरून खाली. फिटर परत आलाय, थोडा घुश्शातच. तो आत बसतो, किल्ली फिरवतो आणि रिव्हर्स टाकायला जातो.

"पंप! आदी पंप मार!" मिस्त्री बॉनेटवर थाप मारतात.

पिस्टन मागं ढकललेला असतो, त्यामुळं पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं. पाच-सहा वेळा दाबून ते वर आणायचं आणि मगच गाडी हलवायची. या शेडच्या मागच्या भिंतीत बंपरच्या उंचीवर एक खड्डा आहे. तो कसा पडला हे मी विचारत नाही.

बिल म्हणून मला सिगारेटच्या पाकिटाच्या मागं लिहिलेला एकच आकडा मिळतो. मी पक्कं बिल मागतो. गाडीचे किलोमीटर, पॅडचा पार्ट नंबर, ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर, मजुरी वेगळी. मिस्त्री कुरकुरतात, पण लिहून देतात. उद्या काही झालं तर हाच कागद. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी धरून जिल्हा आयोगाकडं जाता येतं, दोन वर्षांच्या आत; त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. सिगारेटचं पाकीट घेऊन कुठंच जाता येत नाही. बिलाच्या तळाशी मी आणखी एक ओळ लिहून घेतो: शंभर किलोमीटरच्या आत चाकांचे नट पुन्हा तपासणे.

"आनि एक," मिस्त्री सांगतात, "उद्याच घाटात घालू नगा. दोन दिस गावात चालवा. पॅड डिस्कवर बसायला लागत्यात. सुरवातीला पकड कमी असती."

हे ते मला सांगतायत, पण मागं टुरिस्टवाला उभा आहे. त्याच्याही गाडीचे पुढचे पॅड मघाशी, माझ्या बोल्टच्या गडबडीत, बदलून झालेत आणि तो आज रात्रीच उतरणार आहे.

"दोन दिस कुठले ओ मिस्त्री, गिऱ्हाईक सात वाजता तयार हाय."

"मग आत्ता हायवेला जा. साठपर्यंत उचल, हळू दाबून वीसवर आण. दहा-पंधरा बार. मदी डिस्क गार हुं दे. पार थांबवायची न्हाई."

"वेळ न्हाई."

"किल्ली न्हाई."

किल्ली खरोखरच मिस्त्रींच्या खिशात आहे. ड्रायव्हर हात जोडतो, मग आवाज चढवतो, मग मालकाला फोन लावतो. मालक फोनवर काय बोलतो ते ऐकू येत नाही, पण मिस्त्री फोन हातात घेऊन एवढंच म्हणतात, "तुमचीच मानसं बसनार हायत त्यात." फोन परत देतात आणि बारक्याला हाक मारतात.

"त्याची पुडची दोनी चाकं काढ. मार्क हायत का बग."

बारक्या टॉर्क पाना ऑफिसात ठेवायला निघालेला असतो. तो वळतो, जॅक ओढत टुरिस्ट गाडीकडं जातो आणि जाताजाता कोपऱ्यातली घोडी उचलतो. ड्रायव्हर खुर्चीत बसकण मारतो. डावं चाक निघतं. आत पिवळी रेघ नाही.

"न्हाई मिस्त्री!" तो ओरडतो, आणि फिटर पाना घेऊन पळत येतो.